पाय पुढे, भार मागे

२ नोव्हेंबर १९७४. टोकियोच्या कोराकुएन स्टेडियममध्ये अमेरिकेचा हँक अ‍ॅरन आणि जपानचा सादाहारू ओह यांची होम रनची लढत लागली होती. अ‍ॅरन चाळिशीचा. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याने बेब रूथचा ७१४ होम रनचा विक्रम मोडला होता आणि आता त्याच्या नावावर ७३३ जमा होते. ओह चौतीस वर्षांचा, त्याच्या खात्यात ६३४. सामना नव्हता, नुसतं प्रदर्शन होतं. अ‍ॅरनने दहा चेंडू कुंपणापार धाडले, ओहने नऊ. निकालाचं एवढंच. बघण्यासारखं जे होतं ते दोघांच्या कमरेखाली चाललं होतं.

अ‍ॅरन उजव्या हाताचा. बॅट चेंडूला भिडायची त्या क्षणी त्याचा भार पुढच्या, म्हणजे डाव्या पायावर इतका गेलेला असे की मागचा पाय जमिनीवर घसटत पुढे येई. असं खेळणाऱ्या शाळकरी मुलाला कोणत्याही प्रशिक्षकाने बाजूला घेऊन चार गोष्टी सुनावल्या असत्या. ओह डावखुरा. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, हालचाल सुरू केली की तो उजवा, म्हणजे पुढचा पाय गुडघ्यात दुमडून पोटाशी आणी आणि मागच्या एकट्या पायावर उभा राही. जपानी लोक त्याला एका पायाचा फटका म्हणत, अमेरिकी पत्रकारांना तो फ्लेमिंगो वाटला. एक माणूस पुढच्या पायावर सांडलेला, दुसरा मागच्या पायावर तोललेला, आणि दोघांचे चेंडू त्याच कुंपणापलीकडे पडत होते.

फटका मारताना अंगाचा भार मागे राखायचा की पुढे न्यायचा, यावर बेसबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालू आहे. त्यावर पुस्तकं झाली, गुरू-शिष्यांच्या परंपरा झाल्या, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्याला हे भांडण सुरुवातीला नीट कळत नाही, कारण पायांच्या कामाबद्दलची आपली समजूत वेगळी आहे. ‘पदलालित्य’ हा शब्द आपल्याकडे मराठी समालोचकांनी रुजवला आणि त्याचा अर्थ पक्का आहे. चेंडूचा टप्पा ओळखायचा आणि पाय तिथे न्यायचा. शिवाजी पार्कच्या नेटमध्ये असो वा गल्लीत, पहिला धडा हाच. टप्पा पुढे असेल तर पुढचा पाय चेंडूच्या रेषेत, आखूड असेल तर मागचा पाय यष्ट्यांकडे. सुनील गावसकरच्या बचावात बॅट आणि पॅडमध्ये फट सापडायची नाही, ती या शिस्तीमुळे. क्रिकेटमध्ये पाय चेंडूला विचारून निघतो.

बेसबॉलमध्ये टप्पाच नसतो. चेंडू थेट हवेतून येतो. बॅटरला उभं राहायला चुन्याने आखलेली चार फूट रुंद, सहा फूट लांब चौकट मिळते. बॅट लागताना एखादा पाय पूर्णपणे चौकटीबाहेर टेकलेला असेल तर तो बाद. पण नियमापेक्षा अडचण वेळेची आहे. माउंडवरच्या पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. १८९३ साली ते ठरलं, तेव्हापासून बदललेलं नाही. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साडेसोळा मीटरच्या आसपासच प्रवास उरतो. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू तो साधारण ०.४ सेकंदात संपवतो. बॅट निघाल्यापासून चेंडूला लागेपर्यंत ०.१५ सेकंद जातात. राहिला पाव सेकंद. तेवढ्यात चेंडू बघायचा, वेग आणि वळण ओळखायचं, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं. या हिशोबात पाऊल उचलून पुढे टाकायला जागाच नाही, म्हणून ते आधीच निघालेलं असतं. चेंडू पिचरच्या हातातून सुटण्यापूर्वी बॅटरचा पुढचा पाय हवेत गेलेला असतो, आणि चेंडू अर्ध्या वाटेच्या आसपास असताना तो टेकतो.

पाय निघतो तेव्हा चेंडू कसा येणार हे बॅटरला माहीत नसतं. त्याच हाताच्या त्याच हालचालीतून ताशी १५० चा चेंडू येईल किंवा १२५ चा फसवा हळू चेंडू येईल. पाऊल टाकताना अंगाचा भारही त्याच्यासोबत पुढे गेला, तर हळू चेंडूवर कंबर आणि हात वेळेआधीच खर्च होऊन जातात आणि बॅट नुसती हवेत फिरते. भार जपायचा म्हणून पाय टेकायला उशीर केला, तर वेगवान चेंडू तोपर्यंत कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. पाय पुढे गेला पाहिजे, भार जाता कामा नये. निदान अजून नको. बॅटरच्या आयुष्यातली बरीचशी मेहनत या ‘अजून नको’मध्ये जाते.

महाराष्ट्रात शालेय आणि विद्यापीठ पातळीवर बेसबॉल-सॉफ्टबॉल खेळले जातात. क्रिकेटमधून तिकडे वळणाऱ्या मुलाला आधी विसरावी लागते ती हीच गोष्ट, चेंडूकडे धावणारा पाय.

* * *

ओहची गोष्ट सांगताना झेन, तलवार, सामुराई असा मसाला भरपूर घातला जातो. मसाला खोटा नाही. पण त्याखाली एक साधा तांत्रिक दोष आहे आणि त्यावरचा तितकाच साधा उपाय आहे.

ओह मूळचा पिचर. वासेदा जित्सुग्यो या शाळेकडून खेळताना त्याने १९५७ ची वसंत ऋतूतली कोशिएन स्पर्धा जिंकली. जपानात शालेय बेसबॉलमधला हा फार मोठा मान. १९५९ साली तो योमिउरी जायंट्सकडे आला, तेव्हा त्याला पिचिंग सोडायला लावून फर्स्ट बेसवर उभं केलं. पहिल्या सव्वीस वेळा तो बॅट घेऊन आला आणि एकदाही हिट, म्हणजे बेसपर्यंत पोचवणारा फटका, मिळाला नाही. पहिला हिट मिळाला तो होम रनच होता, पण त्याने फारसं काही सुधारलं नाही. तीन हंगामांत सात, सतरा आणि तेरा होम रन. एवढा गाजावाजा झालेल्या पोराकडून संघाची अपेक्षा याहून बरीच मोठी होती.

दोष सगळ्यांना दिसत होता. फटक्याला सुरुवात करताना ओहचे हात एक अनाठायी हिसका घेत आणि तोवर अंग पुढे कललेलं असे. भार गेला पुढे, बॅट राहिली मागे. १९६२ साली जायंट्सने हिरोशी अराकावाला फलंदाजीचा प्रशिक्षक नेमलं. या दोघांची जुनी ओळख होती. मायनिची ओरायन्सकडून खेळत असताना अराकावाने टोकियोत सुमिदा नदीकाठच्या मैदानावर एका शाळकरी पोराला पाहिलं होतं. पोरगा डाव्या हाताने चेंडू टाकायचा आणि बॅट मात्र उजव्या हाताने धरायचा. डाव्या हाताने मारून बघ, असं अराकावा त्याला म्हणाला होता. तो पोरगा म्हणजे ओह.

अराकावा स्वतः आयकिदो शिकत होता, आणि तेही त्या विद्येचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांच्याकडे. ओहलाही त्याने तिथे नेलं. सामना संपला की रात्री अराकावाच्या घरी सराव चाले. अनवाणी, तातामीच्या चटयांवर, तासन्‌तास बॅट फिरवत. छताला कागदाची पट्टी टांगून ती खऱ्या जपानी तलवारीने कापायची, हाही सरावाचाच भाग. त्याची छायाचित्रं जगभर गेली. टांगलेली पट्टी नुसत्या हाताच्या जोराने कापली जात नाही, ती बाजूला झुलते. कमरेपासून पात्यापर्यंत सगळं एका ओळीत आणि एका क्षणी आलं तरच ती कापली जाते.

आणि मग तो पाय. १ जुलै १९६२ रोजी कावासाकीत तायो व्हेल्सविरुद्ध सामना होता. जायंट्सची गाडी रुतली होती. ओह मारत नाही म्हणून आपण हरतो, असं प्रशिक्षकांच्या बैठकीत अराकावाला ऐकून घ्यावं लागलं. सरावात दोघांनी पाय उचलून बघितला होता, पण तो सामन्यात आणायचं धाडस झालं नव्हतं. त्या दिवशी अराकावाने सांगितलं, आज उचल. पहिल्या खेपेला हिट आणि दुसऱ्या खेपेला होम रन. जूनअखेर ज्याचे दहासुद्धा होम रन झाले नव्हते, त्याने हंगाम ३८ वर संपवला आणि लीगमध्ये पहिला आला. पुढची सलग बारा वर्षं, १९७४ पर्यंत, तो मान दुसऱ्या कोणाकडे गेला नाही. १९६४ साली ५५. निवृत्त झाला तेव्हा ८६८.

पाय उचलल्याने ताकद वाढली, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ओह १७७ सेंटिमीटर उंचीचा, बेसबॉलच्या मानाने मध्यम अंगाचा माणूस. ताकद त्याच्याकडे आधीही तेवढीच होती. उचललेल्या पायाने एकच केलं, चोरी पकडली. दोन पायांवर उभ्या माणसाचा भार नकळत पुढे सरकतो आणि त्याचा त्यालाही पत्ता लागत नाही. एका पायावर उभा असताना भार इंचभर जरी घसरला तरी माणूस पडतो. ओहला एका पायावर उभं करून अराकावाने त्याच्या जुन्या दोषाला जागाच ठेवली नाही. आता तोल सांभाळायचा तर भार मागच्या पायावरच हवा, आणि हाताला हिसका द्यायला उसंत नाही. आयकिदोचा उपयोग इथे झाला. कमरेच्या खाली, बेंबीखालच्या बिंदूशी अंगाचा भार एकवटून उभं राहायचं, हे त्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात.

पिचरांना हे बरोबर कळलं होतं. ते ओहच्या ताकदीवर घाला घालायला गेले नाहीत, त्याच्या घड्याळावर गेले. हात मागे नेऊन थबकायचं, हालचाल तोडायची, पाय हवेत असलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं. १९६९ च्या जूनमध्ये चुनिची ड्रॅगन्सच्या केंतारो ओगावाने तर कमाल केली. त्याने हात पाठीमागे नेऊन पाठीमागूनच चेंडू फेकला. सर्कशीतला हा प्रकार व्यावसायिक सामन्यात करावा लागला, यातच ओहच्या पायाचं सगळं कौतुक आलं.

* * *

अमेरिकेत हे भांडण दोन पुस्तकांभोवती फिरतं.

टेड विल्यम्स बोस्टन रेड सॉक्सचा. १९४१ च्या हंगामात त्याची सरासरी .४०६ होती, म्हणजे दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर चारदा हिट. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणालाही पुऱ्या हंगामात .४०० गाठता आलेलं नाही. हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याची सरासरी .३९९५५ होती. बाकावर बसला असता तरी आकडा .४०० असाच नोंदला गेला असता. तो बसला नाही, दोन्ही सामने खेळला आणि आठपैकी सहा हिट मारले. असा माणूस बोलला की लोक ऐकणारच. ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ या त्याच्या पुस्तकाचा गाभा होता कंबर. पिचर हात मागे नेतो तेव्हा पुढचा गुडघा आत वळवून कंबर बंदुकीच्या घोड्यासारखी ताणायची, पाऊल आखूड टाकायचं, आणि मग कंबर आधी उघडायची, हात तिच्या मागून येतात. अंग पुढे फेकलं की सगळं फुकट.

चार्ली लाऊ याच्या अगदी उलट. खेळाडू म्हणून सामान्य, कारकिर्दीची सरासरी .२५५. पण सत्तरच्या दशकात कॅन्सस सिटी रॉयल्सचा प्रशिक्षक असताना तो व्हिडिओ टेप लावून बसायचा आणि मोठमोठ्या बॅटरांचे फटके मागे-पुढे करून बघायचा. त्याला जे दिसलं ते विल्यम्सच्या शिकवणीत बसेना. चांगले बॅटर भार आधी मागच्या पायावर नेतात आणि तिथून ठामपणे पुढच्या पायावर आणतात, असं तो म्हणू लागला. पुढचा पाय टेकेल तेव्हा पंजा बंद, म्हणजे पिचरकडे न वळलेला, आणि बॅट सुटायच्या जागी तयार. त्याचा सर्वांत नामांकित शिष्य जॉर्ज ब्रेट. चाचपडणाऱ्या या तरुणाला लाऊने हाताशी धरलं, आणि १९८० साली ब्रेटची सरासरी .३९० पर्यंत गेली. त्याच वर्षी लाऊचं ‘द आर्ट ऑफ हिटिंग .३००’ निघालं. एकाच्या शीर्षकात विज्ञान, दुसऱ्याच्या शीर्षकात कला. टेप लावून पुरावा शोधणारा मात्र कलावालाच होता.

पुढे लाऊचा अनुयायी वॉल्ट ह्रिनिअक रेड सॉक्सचा फलंदाजी-प्रशिक्षक झाला, म्हणजे विल्यम्सच्या घरातच लाऊपंथ शिरला. विल्यम्सने आपली नापसंती कधी लपवली नाही.

दोघांपैकी बरोबर कोण? जुन्या चित्रफिती सावकाश बघितल्या तर विल्यम्सचंही अंग पुढे सरकताना दिसतं आणि ब्रेटचीही कंबर गरकन फिरताना दिसते. दोघंही दोन्ही करत होते. आपल्या अंगात काय होतं ते प्रत्येकाला वेगळं जाणवतं, आणि बहुतेक गुरू जाणवलेलं शिकवतात. झालेलं नव्हे. विल्यम्सच्या बाबतीत तर मला वाटतं, भार पुढे नेण्याची क्रिया त्याच्याकडे इतकी सहज होती की ती त्याच्या हिशोबातच आली नाही.

मोजमाप आलं तेव्हा चित्र बरंच साफ झालं. व्यावसायिक बॅटरांवरचा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. पायाखाली दाब मोजणाऱ्या पट्ट्या आणि भोवती वेगवान कॅमेरे. त्यात दिसलं की भार आधी मागच्या पायावर जातो, मग पुढचा पाय बंद पंजाने टेकतो आणि टेकताना जमिनीवर शरीराच्या वजनाच्या १२३ टक्के दाब देतो. हा आकडा शंभराच्या वर आहे, याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. बॅटर पुढच्या पायावर विसावत नाही, तो त्यावर आदळून थांबतो. पुढे चाललेलं अंग थांबलं की त्याचा वेग जाईल कुठे? पुढचा गुडघा ताठ होत जातो, ती बाजू दाराच्या बिजागरीसारखी अडकते आणि उरलेलं सगळं तिच्याभोवती फिरतं. कंबर सेकंदाला ७१४ अंशांच्या वेगाने फिरते. तिच्या मागून खांदे निघतात आणि ९३७ पर्यंत जातात. शेवटी बॅट, सेकंदाला ३१ मीटर. प्रत्येक टप्प्यावर मोठा, जड भाग मंदावतो आणि हलक्या भागाला वेग देऊन जातो.

विल्यम्सचं फिरणं आणि लाऊचं सरकणं ही एकाच क्रियेची पुढची-मागची टोकं निघाली. सरकल्याशिवाय थांबायला काही नाही, थांबल्याशिवाय फिरायला काही नाही.

मागच्या पायाबद्दल एक शब्द. अमेरिकेत लहान मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की फटका मारताना मागच्या चवड्याखाली किडा चिरडतोय असं समजून पाय जागीच फिरवायचा. मुलांना हे पटकन कळतं, म्हणून ते टिकलं. पण मोठ्या खेळाडूंचे फटके बघितले तर चेंडू लागतो तेव्हा मागचा पाय किडा चिरडण्याच्या स्थितीत नसतो. टाच वर, बुटाचं टोक जेमतेम टेकलेलं, कित्येकदा तेही नाही. सगळा भार पुढे पोचलेला असतो, मागे चिरडायला वजनच उरत नाही. पाय जागीच फिरवत बसलं तर भारही मागेच अडकतो.

अ‍ॅरनचा घसटणारा पाय इथे उलगडतो. तो दोष का ठरत नाही, याचं आणखी एक कारण भौतिकशास्त्रातलं आहे. येल विद्यापीठाचे रॉबर्ट अडेअर यांनी ‘द फिजिक्स ऑफ बेसबॉल’मध्ये ते मांडलं, इलिनॉय विद्यापीठाचे अ‍ॅलन नेथन यांनी पुढे तपशिलाने तपासलं. बॅट आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो काळ सेकंदाच्या एक हजारांशाच्या आसपास. एवढ्यात हाताची पकड काही करू शकत नाही, पाय तर फार लांबची गोष्ट. त्या क्षणी बॅट जणू मोकळीच फिरत असते. पायांचं काम तोवर संपलेलं असतं. भार पुढच्या पायावर गेला होता की नाही हे महत्त्वाचं नसून तो कधी गेला हे महत्त्वाचं, आणि अ‍ॅरनचा भार बरोबर वेळेवर जाई.

* * *

एवढं नीट मांडून झालं की अपवाद दारात उभे राहतात.

अ‍ॅल सिमन्स घ्या. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा हा उजवा बॅटर पाऊल पिचरकडे न टाकता तिसऱ्या बेसकडे, म्हणजे चेंडूपासून लांब टाकायचा. चेंडूला घाबरणारं पोर टाकतं तसं. त्यावरून त्याला ‘बकेटफूट अ‍ॅल’ हे चिडवण्याचं नाव पडलं. व्यवस्थापक कॉनी मॅक शहाणा होता, त्याने सिमन्सच्या पायाला हात लावला नाही. कारकिर्दीची सरासरी .३३४, आणि १९५३ साली हॉल ऑफ फेम. पाऊल चुकीच्या दिशेला जात होतं, पण कंबर आणि हात त्याच्यामागून गेले नाहीत, ते मागेच थांबले. आपल्याला शिस्तीची आवड, त्यामुळे असली माणसं अडचणीची वाटतात.

अल्बर्ट पुहोल्सचं टोक आणखी वेगळं. पाय आधीच रुंद फाकवून उभा, पुढची टाच जराशी उचलायची आणि ठेवायची. पाऊल जवळजवळ नाहीच. होम रन ७०३. ओहचे ८६८ आणि पुहोल्सचे ७०३ शेजारी ठेवले की पाय किती उचलावा या प्रश्नाचं उत्तर ‘कितीही’ असं येतं. भार मागे गोळा होऊन पुढच्या पायावर वेळेत थांबला पाहिजे. त्यासाठी गुडघा पोटाला लावा नाहीतर टाच इंचभर उचला.

वेळेचा हा मुद्दा होसे बाउतिस्ताच्या बाबतीत आकड्यांत दिसतो. २००९ साली टोरांटोकडून त्याचे तेरा होम रन. प्रशिक्षकांनी त्याला हालचाल खूप आधी सुरू करायला लावली, त्यातून पाय उंच उचलण्याची लकब आली. २०१० साली ५४. दंडाचा घेर एका हिवाळ्यात चौपट झाला नव्हता. तो आता उशिरा पोचत नव्हता, इतकंच.

ओहचा वारसा जपानमधून अमेरिकेत गेला तो वळणं घेत. इचिरो सुझुकी ओरिक्स ब्लूवेव्हकडे आला तेव्हा पुढचा पाय लंबकासारखा मागे झुलवून मग सगळं अंग पुढे नेत मारायचा. व्यवस्थापक शोझो दोई यांना ते मान्य नव्हतं, इचिरो खालच्या संघात खितपत राहिला. १९९४ साली अकिरा ओगी आले, त्यांनी त्याला मोकळं सोडलं, आणि त्या हंगामात त्याने २१० हिट मारले. जपानमध्ये तोवर कोणी दोनशेला पोचलं नव्हतं. भाराच्या बाबतीत इचिरो ओहपेक्षा अ‍ॅरनच्या जवळचा. चेंडू लागतानाच तो फर्स्ट बेसकडे निघालेला असे. २००१ साली सिअ‍ॅटलला गेल्यावर मात्र त्याने पायाचं झुलणं बरंच कमी केलं. जपानी पिचर पाय उचलून क्षणभर रेंगाळतात, बॅटरला झुलायला वेळ देतात. अमेरिकी पिचर सरळ येतात, आणि चेंडूही अधिक वेगाने येतो. २००४ साली त्याने एका हंगामात २६२ हिट मारून जॉर्ज सिस्लरचा २५७ चा जुना विक्रम मोडला.

शोहेई ओतानीने हेच सगळं काही दिवसांत केलं. २०१८ च्या वसंत सरावात एंजल्सकडून त्याची सरासरी .१२५. जपानातला उंच पाय घेऊन तो आला होता आणि अमेरिकी वेगापुढे तो पाय वेळेत खाली येत नव्हता. हंगाम तोंडावर आलेला असताना त्याने पाय उचलणं सोडलं. चवडा जागेवर, टाच फक्त आत वळवून उचलायची आणि टेकवायची. घरच्या मैदानावरच्या पहिल्या तीन सामन्यांत तीन होम रन. २०२५ च्या हंगामात ५५. ओहने पाय उचलून जे साधलं ते ओतानीने पाय ठेवून साधलं, आणि दोघांचा रोग एकच होता, वेळ.

आता तर काही झाकून राहत नाही. मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांतून २०२४ पासून प्रत्येक फटक्याला बॅटचा वेग जाहीर होतो, २०२५ पासून बॅटर चौकटीत पाय कुठे ठेवून उभा आहे तेही. बॅटचा सरासरी वेग ताशी ११६ किलोमीटरच्या आसपास. जियानकार्लो स्टँटन १३० पर्यंत नेतो. लुईस अराएझ जेमतेम १०१, आणि २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं, तीन वेगवेगळ्या संघांकडून, आपल्या लीगमधल्या सर्वोच्च सरासरीचा मान त्याचाच. ताकदीच्या पुजाऱ्यांनी हे दोन आकडे देवघरात लावून ठेवावेत.

क्रिकेटशी या खेळाचं नातं जुनं आहे. १९३२ साली डॉन ब्रॅडमन न्यूयॉर्कला बेब रूथला भेटला. १९३५ साली रूथ लंडनमध्ये अ‍ॅलन फेअरफॅक्सच्या इनडोअर नेटमध्ये उतरला, आधी क्रिकेटच्या पवित्र्यात उभा राहून बघितलं, मग तो सोडून आपल्या पवित्र्यात आला आणि गोलंदाजांना बडवलं. ट्वेंटी-ट्वेंटी आल्यावर ही देवाणघेवाण गंमत राहिली नाही. इंग्लंडचा ज्युलियन वूड बेसबॉलच्या सरावातून धडे घेऊन जोरकस फटक्यांचा प्रशिक्षक झाला आणि २०२२ साली पंजाब किंग्जने त्याला आयपीएलसाठी बोलावलं. शेवटच्या षटकांत पुढचा पाय बाजूला काढून, मागच्या पायावर भार घेऊन मारणारा फलंदाज आपण आता रोज बघतो. जाणत्यांना त्यात पदलालित्य दिसत नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. त्या षटकांत फलंदाजाला टप्पा वाचून पाय न्यायला वेळच नसतो, म्हणून तो पाय आधीच ठेवून मोकळा होतो. बेसबॉलचा बॅटर १८९३ पासून तेच करतो आहे.

२०२८ च्या जुलैमध्ये लॉस एंजलिस ऑलिंपिकला क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत, क्रिकेट पोमोनात आणि बेसबॉल डॉजर स्टेडियमवर. आपल्याकडे क्रिकेट रात्र जागून बघितलं जाईलच. सवड काढून बेसबॉलचाही एखादा सामना बघा. चेंडू आणि बॅट कॅमेरा दाखवेलच. तुम्ही बॅटरची पुढची टाच बघा, ती टेकते तेव्हा चेंडू कुठवर आलाय ते बघा, आणि त्या क्षणी डोकं मागच्या गुडघ्याच्या वर आहे की पुढे गेलंय ते बघा. पुढे गेलं असेल आणि चेंडू हळू असेल, तर निकाल तुम्हाला पंचांच्या आधी कळेल.